गार्डाच्या टेबलावरची फाईल

तुम्ही विचारता न, बारा वर्षं बास्केटबॉल खेळला, भेव कधी वाटलं? कोर्टावर नाई बाप्पा. भेव वाटलं ते वर्ध्याच्या ऑफिसातल्या खुर्चीवर.

खेळाडू म्हणून नोकरी लागलती. पगार ऑफिसचा, पण ऑफिस मी आतून पाह्यलंच नव्हतं. मंग गुडघा गेला, अन् साहेब म्हणाले, "सोमवारपासून टेबलावर बसा."

बडेबाबूनं, म्हंजे हेडक्लार्कनं, विचारलं, "कोणतं काम जमते?"

"कोणतंबी." टीममध्ये मी गार्ड, पण कोणी जखमी झाला का त्याच्या जागी मलेच उतरवत. सवयीनं तोंडातून निघून गेलं.

पहिली फाईल समोर आली. काय लिहावं, काई समजेना. गार्डाले एकच अक्कल, बॉल हातात ठेवायचा नाई. न वाचताच सही ठोकली, फाईल बाजूच्या टेबलावर! महिनाभर तेच. बडेबाबू खुश, "याच्याजवळ काईच अडकत नाई!" मी मात्र रोज घाबरून राह्यलो होतो, आज पकडल्या जाईन म्हणून.

एक दिवस साहेबानं बोलावलं. "तुमची तिकडं जिल्ह्याच्या टोकाला, गिरडला बदली झाली."

मी विचारलं, "काऊन साहेब? काई चुकलं का माह्यं?"

"चुकलं कुठं? तुम्हीच तर मागितली." साहेबानं कागद माह्याकडं फिरवला. "गिरडला जायला कोण तयार आहे, असं सगळ्यांना विचारलं होतं. पूर्ण ऑफिसात एकच सही आली."