काकांच्या फोनची घंटी

मला सांगा, एकाच घरातले दोन फोन, दोन्हींवर तेच शेतीचं चॅनल सबस्क्राईब केलेलं, मग नव्या व्हिडिओची घंटी एकाच फोनवर का वाजावी?

आमच्या वामनकाकांचं हेच झालं. बोंडअळीचा व्हिडिओ आला तो काकूंच्या फोनवर, आणि काकू तेव्हा माहेरी. त्यांनी लगेच फोन केला तर काका म्हणाले, "मले माहीत हाय." काकू परत येईपर्यंत अळी बोंडात शिरली होती.

मग दोघं चिखलीला माझ्या मोबाईलच्या दुकानात आले. काका तणतणतच होते, "पाय बे, हा फोन खराब हाय. हिले सांगते, मले काऊन नाही सांगत?"

मलाही नवल वाटलं. सेटिंग पाहिलं तर दोन्ही फोनवर घंटी सारखीच, ॲपनं आधीपासून ठेवलेली, 'निवडक व्हिडिओ कळवा' अशी. म्हणजे कोणाला काय कळवायचं ते ॲपच ठरवणार.

"काका, व्हिडिओ पूर्ण पाहता का?"

"कायले? सुरू झाला का मले समजते काय सांगणार हाय. बंद करतो."

"आणि काकू?"

"थे शेवटपर्यंत पाह्यते."

"मग ॲपला वाटलं असेल, तुम्हाला नकोच आहे."

काकू म्हणाल्या, "म्हंजे ह्यायले सांगून फायदा नाही, हे त्या फोनले बी समजलं!"

मी 'सगळे व्हिडिओ कळवा' यावर बोट ठेवणार, तोच काकांनी फोन ओढून घेतला.

"राहू दे बे. मले माहीत हाय कसं करायचं."