बाहेरून कुलूप

हलवू नका गेट, भाऊ. हलवून उघडत नसतं ते — बाहेरून कुलूप हाय. रामदासनं लावलं जाताना. न्हाई वो, तुमच्यावर संशय म्हणून न्हाई, तुमी गवंडी माणूस, भिंत वाढवायला त्यानंच तर बोलावलंय तुमाला — सवय हाय माझ्या लेकाची. सिमेंटचं बघायला नारायणगावला निघाला का हात आपसूक कुलपाकडं जातो. येईल आता. टेप गाडीला राहिली? राहू द्या, कोण नेत न्हाई, हितं माणूस फिरकतंय कुठं — चहूकडं ऊस, आन उसात काय असतं ते तुमाला म्या काय सांगावं. या जानकूभाऊ, ओट्यावर बसा, चहा टाकलाय.

भिंत चांगलीच हाय, मी वाईट कशाला म्हणू. दहा फूट, आतून-बाहेरून गुळगुळीत गिलावा, वर काटेरी तार. पलीकडच्या वस्तीवरनं सुभाषची कालवड वाघानं नेली — बिबट्या म्हणा, आमी वाघच म्हणतो — तवापासनं रामदासची झोप उडाली. बॅटरी घेऊन पत्र्यावर बसायचा. प्रतिभा, माझी सून, पोटुशी व्हती तवा. मग मोबाइलवर भिंती बघायला लागला. चीनची भिंत दावली मला — आये, बघ कशी डोंगर-डोंगर चाललीय. मी म्हणलं, मग आत कुणी आलंच न्हाई का रे कधी? तर म्हणला, आलं, पर लई वर्षांनी. मी घाटघरची हाय भाऊ, जीवधन गडाच्या पायथ्याची, मला न्हाई एवढं कौतिक भिंतीचं. जीवधनचा तट अजून उभा हाय जागोजाग. आन गड घेतल्यावर इंग्रजानं काय केलं म्हणतात — तट पाडत बसला न्हाई, सुरुंग लावून पायऱ्या उडवल्या. भिंत ऱ्हाऊ दिली, वाट काढून घेतली. माझा बा गुरं घेऊन जायचा तिकडं, त्या तुटक्या पायऱ्या बघितल्या का म्हणायचा, वर कुणी राह्यलं असतं तर? तेवढंच म्हणायचा. आन आमच्या घाटघरला वाघ नव्हता असं न्हाई. लई व्हता. घराला काट्याची वई, म्हंजी कुंपण, शेरडं आमच्यासंगं घरात, वाघ यायचा, कुत्री भुकायची, वाघ जायचा. भ्या वाटायचंच की. पर वाघ गेला का तेबी जायचं.

घ्या, साखर कमी हाय का? पौषातली गोष्ट सांगते तुमाला, सांगू नये म्हणतात घरातलं — पर तुमी भिंतीवर काम करणार, तुमाला म्हाईत पाह्यजे. भर दुपार व्हती. रामदास टमाटं घेऊन मार्केटला, गेटाला बाहेरून कुलूप, तवापण. म्हणायचा, तुमी दोघी कडी लावायला विसरता. बाहेर भिंतीला लागून उसाची ट्रॉली उभी, शीग लावून भरलेली. वाघ ट्रॉलीवर चढला आन तिथनं तारंवरनं आत. कुत्र्याच्या वासानं आला असंल. प्रतिभा त्या कोपऱ्यात, ती न्हाणी दिसती ना, तिथं धुणं धूत व्हती. तिनं पत्र्याचं दार ओढून घेतलं. मी घरात, लेकरू पाळण्यात. मधी हे एवढं अंगण, आन अंगणात तो.

कुत्रं ट्रॅक्टरखाली शिरलं, त्याच्याकडं त्यानं बघितलंपण न्हाई, भाऊ. भिंतीकडं बघायचा, उडी घ्यायचा, नख्या गिलाव्यावरनं घसरायच्या, धपकन खाली. परत उडी. त्या तिथं रेघा हायत, रामदासनं वरनं चुना मारला, पर उन्हं कलली का दिसतात. तो दमला का न्हाणीपाशी जायचा, सावली व्हती तिथं. दाराला टेकून बसायचा. आतून प्रतिभानं दार धरलेलं, बाहेरनं तो टेकलेला, मधी एक पत्रा. मी खिडकीतनं बघतीय.

फोन केला. रामदास म्हणला आलोच, पर हायवेला गाड्याच गाड्या. सुभाष आला, माणसं आली, काठ्या, डबडी. मी मागल्या खिडकीतनं वरडले — डबडी वाजवू नका, तो दाराला धडका मारतोय, कुलूप तोडा, गेट उघडा, वाट दिसली का जाईल उसात. बाहेरची डबडी थांबली. मला वाटलं, पहार आणायला गेली. मग सुभाष म्हणला — मावशी, हितं बायापोरं उभी हायत. आत हाय तवर बरं हाय. फॉरेस्टवाले येऊ द्या.

आत हाय तवर बरं हाय. मी हितं बसले, ह्या उंबऱ्यावर, दाराच्या आत. तीच भिंत, भाऊ. सकाळी आमची व्हती, दुपारी त्यांची झाली. सुभाषला बोल लावत न्हाई मी, मी बाहेर असते तर मीपण तेच म्हणले असते. त्याच्या घरनंच तर दूध आलं नंतर.

आन लेकरू रडायला लागलं. भूक लागलेली त्याला, आय पलीकडं. रडणं ऐकून तो उठला, खिडकीपाशी आला — गजाच्या पलीकडं, एवढ्यावर, श्वास ऐकू येत व्हता. मी साखरपाण्याचं बोट दिलं, लेकराला पोटाशी धरून आतल्या खोलीत कणगीमागं बसले. चोखता चोखता झोपलं ते. आवाज थांबला. आन त्या न्हाणीत प्रतिभाला काय वाटलं असंल — वाघ घराकडं गेलेला, लेकरू रडत व्हतं, आन एकदम गप. ती अशी वरडली भाऊ, माझ्या नावानं न्हाई, लेकराच्या नावानं न्हाई, नुसतीच. दार उघडून ती बाहेर येणार, मला कळलं. मी आतून हाका मारल्या, हाय गं, हाय, झोपलंय, दार सोडू नको. ऐकलं तिनं. तोपर्यंत तो परत न्हाणीवर जाऊन आदळला व्हता.

मग रामदास आला, फॉरेस्टवाले आले, शिडी लावून वरनं इंजेक्शन मारलं, जाळीत घालून नेला. न्हाणी उघडायला गेलो तर उघडंना. कडी नव्हतीच लावलेली, तिनं हातानं धरलेलं. वाघ गेला म्हणलं तरी सोडंना. एकेक बोट सोडवलं मी. लेकरू हातात दिलं तर घेतलं, पाजलं, आन दुसऱ्या दिवशी लेकरू घेऊन डिंभ्याला गेली, माह्यारी. बाप धरणात नावंवरनं जाळं ओढायचं सोडून तिच्यापाशी बसून राह्यलाय म्हणं. म्हणाली, आत्या, कुलूप निघालं का सांगा, मी येते. अजून न्हाई आली.

आन रामदासला त्यातनं काय कळलं? भिंत बुटकी पडली. ट्रॉली लांब लाव म्हणलं तर ऐकत न्हाई. पोरगं वाईट न्हाई वो माझं. भ्यालंय. रात्री कुलूप आतनं लावतो, तरी उठून हात लावून बघतो. मी अंधारात खाकरले तरी काठी उचलतो. मी? मी कुठं जाते बाहेर — संक्रांतीला गेले व्हते वाण द्यायला, तो गेटात उभा व्हता तेवढा वेळ. परवा म्हणलं, एक किल्ली माझ्यापाशी ठेव, बाबा, न जाणो. तर त्यानं बघितलं माझ्याकडं. खिडकीच्या गजातनं वाघ बघत व्हता ना त्या दिवशी, तसं. लेक हाय माझा. त्याला आंघोळ घातलीय म्या. आन मी माझ्याच घरात मागं सरकले.

जाऊ द्या, हे कशाला बोलले मी. त्याला सांगू नका. एक करा, भाऊ, तुमच्या पाया पडते — त्याला म्हणा, पाया कच्चा हाय, वर वजन पेलणार न्हाई. तुमचं ऐकंल, गवंड्याचं ऐकतो माणूस. खोटं सांगायचं जिवावर आलं तर निम्मं सांगा. वाढत न्हाई म्हणलं का बसंल गप, मग हळूहळू कुलपाचं बघू, मग प्रतिभाला आणू —

गाडी वाजली. त्याचीच. पाया म्हणा, विसरू नका.

आलास का रे. न्हाई, बसलोय की, चहा झाला त्यांचा. हां, बघितली त्यांनी सगळी, काय म्हणतात ते ऐक. पाया कच्चा? हो का. मला काय कळतंय त्यातलं. आता तेच म्हणतायत पेलणार न्हाई, तर राहू दे की रामदास, हाय तेवढी बास. मी तर म्हणते — काय? आतून? आतून दुसरी भिंत, वेगळ्या पायावर? आरं मग अंगण कुठं राहील, न्हाणीपतूर जायचं कसं... न्हाई, न्हाई, मी कुठं काय म्हणतीय. चांगलं हाय. तू म्हणतोस तसं. दोन असल्या का काळजी न्हाई.

जानकूभाऊ, कप ऱ्हाऊ द्या तिथंच. जावा तुमी. गेट उघडं हाय तवर जावा.