पान बदलेना

— अहो नाही विश्रामभाई, राउटर नका उघडू, नेट अगदी मजेत आहे! बेसो, बेसो. बिघाड या लॅपटॉपात आहे — तुमचं काम नाही, माहितीये मला, पण कंपनीनं तुम्हालाच पाठवलंय ना, मग बघाच. रिफायनरीत उभा जन्म गेला माझा, रिटायर झाल्यावर वेबसाइट करायला शिकलो. एकट्या माणसाला काहीतरी हवं ना? हा सर्व्हर लॅपटॉपातच चालतो, बाहेर कुठं नाही. मी इथं मजकूर लिहून सेव्ह केला, की ब्राउझरमधलं पान आपोआप बदलायला हवं — लाइव्ह रीलोड म्हणतात त्याला. बदलतंय का? छे! सकाळपासून एकच पालुपद — ‘संपर्क तुटला, पुन्हा जोडत आहे’. अरे, मग जोड ना!

वेबसाइट होय? माझी नाही, खालच्या मजल्यावरच्या नलिनीताईंची. दांडिया बाजारातल्या मराठी घरांत आलेल्या गुजराती सुनांना मराठी शिकवतात. आणि काय शिकवतात! ‘चमचा’मधला ‘च’ म्हणून दाखवतात ना, तो नुसता ऐकत राहावा — मी? मी कशाला जातोय वर्गात? जिन्यात उभा असतो. वारा छान येतो तिथं.

तर काय, पान बदलतंय का हे बघायला काहीतरी लिहावं लागतं. आधी लिहिलं ‘चाचणी’. ढिम्म. मग ‘नलिनीताई उत्तम शिकवतात’. ढिम्म! म्हटलं, नाहीतरी कुणाला दिसतंय — ‘नलिनीताई, तुम्ही हसलात की फार छान दिसता’. तरी ढिम्म. मग जरा हात मोकळा सुटला — ते शेवटचं नका वाचू. वाचलंत? ‘नलिनी, तुमच्याशीवाय करमत नाही’... टेस्टिंग आहे हो ते!

काय म्हणता? ब्राउझरच्या पत्त्यात शेवटी तीन, आणि या काळ्या खिडकीत चार? हां — सकाळी सर्व्हर अडकला, तो बंद करून मी पुन्हा सुरू केला, तो चारवर जाऊन बसला वाटतं. आणि मी तीनचं बंद दार ठोठावतोय! वा, विश्रामभाई! म्हणजे चारवाला चालूच होता? आणि त्याला कुणीतरी जोडलेलं दाखवतोय? कोण असणार — खाली नलिनीताईंचा टॅब. वायफाय एकच आहे ना आमचं. नंतर मीच या काळ्या खिडकीतला पत्ता टाकून पान उघडून दिलं, म्हटलं, बसल्या जागी बघा कसं घडत जातंय ते...

तिथं — बदलत होतं? प्रत्येक सेव्हला?

थांबा, मेसेज आला. त्यांचाच. चष्मा कुठाय — तुम्ही वाचा. नको, नको, द्या इकडे! ‘रमाकांत, तुमच्याशिवायमधला शि ऱ्हस्व. करमत नसेल तर खाली या, चहा टाकलाय.’

रमाकांत! नुसतं रमाकांत, बरं का — कालपर्यंत ‘रमाकांतभाऊ’ होतो मी!

विश्रामभाई, उठा आता. तुम्हाला चहा? पुढच्या वेळी, नक्की. शर्ट बरा आहे ना हा? बोलू नका, नुसती मान हलवा. चला, आवजो — दार तेवढं ओढून घ्या, मी पुढे होतो!