नावेतली गोकर्णा

—हाव, चालू आहे म्हणलं ना! दाबा ते वरचं बटन, पाहा, लागला ना दिवा? बसा दादा, उभे काऊन? मलकापूरहून चिखली काही बाजूले नाही, त्यात राजूरचा घाट, मळमळलं असन तुम्हाले. पाणी घ्या. या व्हिडिओ गेमची जाहिरात मीच टाकलीती. फोटो माह्या नवऱ्याचा दिसला असन, खातं यायचं आहे, पण टाकली मी. हे दुकानात गेले, कृषी केंद्र आहे आमचं, खताबियाण्याचं. दुपारी जेवाले येतीन, त्याच्या आत तुम्ही घेऊन चालले जा. नाही बाप्पा, चोरीचं काऊन असन! मी बायको आहे त्यायची, प्रतीक्षा. घरातली नको झालेली वस्तू बायको नाही काढणार त कोण काढन?

तुम्हाले मशीनपेक्षा आतली कॅसेटच पाहिजे, हे मले फोनवरच समजलंतं. ‘ताई, नावाड्याचा खेळ आहे का त्यात?’ — जशी काही दवाखान्यातल्या माणसाची खबर घेऊन राह्यले. मले नका समजावू, मले सारं ठाऊक आहे. मोठा खेळ तो तलवारवाल्याचा, पोराटोरायले माहीत असलेला, त्याच्या टोप्या बनियनं बाजारात भेटतात. अन् हा त्याच्यातून निघालेला लहाना खेळ, कोणी इचारलं नाही याले. त्या मोठ्या खेळात एक नावाडी आहे ना, तलवारवाल्याले नदी पार करून देते अन् मंग पुन्हा दिसतच नाही — त्याचाच हा खेळ. आपणच नावाडी. वल्हं मारा, पाण्यातल्या राक्षसायशी भांडा, ताकद वाढवा, नावेतच चूल मांडून मासे रांधा. अन् जो उतरन त्यानं भाडं म्हणून आपलं नाव नावेत ठेवून जायचं. उतरला की त्याले स्वतःचं नाव आठवत नाही. बरोबर आहे ना? पाहा! बाईले काय समजते असं वाटून राह्यलं असन तुम्हाले.

अन् मंग येते ते पोट्टी. पहिल्याच घाटावर नावेत येऊन बसते, भिजलेली, थरथर कापत — आणि तिचं नाव काय ठेवायचं हे खेळ आपल्याले इचारते. तिच्याच पायी काढून राह्यली मी हे मशीन. हसा, हसा. माह्या जावेनंही हसून घेतलं. पण तुम्ही सांगा, नवरा रोज दुकानातून आला की हातपाय धुवून, चहा घेऊन, तिच्याजवळ जाऊन बसत असन त बाईनं काय करावं? मी इचारलं, भाजी कोणती करू, त ‘कोणतीही’. मी इचारलं, माह्या अंगावर ही साडी कशी दिसते, त ‘चांगली’. अन् ते पोट्टी नावेत बसून काही बोलली, म्हणजे खालती चार जवाब येतात ना, त्यातला एक निवडायचा — त हा माणूस निवडायले इतला वेळ लावते! हनुवटीले हात लावून इचार करते. हे म्हणलं त तिले वाईट वाटन का, ते म्हणलं त ती रुसन का. माह्यासाठी असा इचार केला का कधी? माहा बाप गेला तवा ‘होते असं’ म्हणले मले. अन् नावेत तिले ताप आला त डोळे पुसून राह्यले हे. म्या पाह्यलं ना स्वयंपाकघरातून. पोळी जळाली तव्यावर.

म्हणून म्हणलं, पाहू त खरं, आहे तरी काय तिच्यात. हे जेवून गेले की दुपारी घरात कोणी नसते. यायचाच अर्धा राह्यलेला खेळ होता, तोच उघडला. हाव, एकच जागा आहे त्यात खेळ साठवायले, नवीन मांडला की जुना पुसल्या जाते, मले माहीत आहे. आता यायनं तिचं नाव काय ठेवलं असन? मले वाटलं एखादी नटी असन, नाही त कॉलेजातली कोणी. कॉलेजातलीच असन, मी ठरवूनच टाकलंतं. उघडून पाहते त इंग्रजी अक्षरात — गोकर्णा.

तुम्हाले काय माहीत कोण ते. मीच ते! सोनाळ्याची गोकर्णा. जन्माचं नाव माहं. साक्षगंधापासून लग्नापर्यंत, चोरून फोन करायचे हे, तवा एका बोलण्यात दहा वेळा गोकर्णा, गोकर्णा. म्हणे तोंड गोड होते. मंग लग्नात सासूबाई म्हणल्या, हे नाव जुनं वाटते, आपल्या घराले शोभत नाही. ठेवलं तांदळाचं ताट पुढं, दिली अंगठी हातात, अन् यायनं मुकाट लिहिलं — प्रतीक्षा. साऱ्यायनं टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले, माही मायही आता जवायासमोर प्रतीक्षाच म्हणते. मलेही सवय झाली. रागच आला नाही कधी, तुम्हाले खोटं वाटन. पण त्या दिवशी आला! म्हणजे माहं नाव ताटातून पुसून हे तिले नेऊन दिलं? तिच्यासंगं नदीभर गप्पा, तिले मासे रांधून खाऊ घालणं, अन् मले ‘भाजी कोणतीही’? सवत असते ना, ते निदान दुसऱ्या नावाची तरी असते!

नाही, मी काही रडून राह्यली नाही. तुम्ही मशीन पाहा.

अन् ऐका ना, हे खेळ पुरा करतच नाहीत. शेवटचा घाट येते, तिथं तिलेही उतरायचं असते, तिनंही नाव ठेवून जायचं असते. पोट्टी म्हणते, ‘आता माहं नाव घ्या.’ अन् हे वल्हं उलटं मारून नाव मागं आणतात! पुन्हा वरच्या अंगाले नेतात, पुन्हा खालती. वर्ष झालं असन, घाटाले नाव लागू देत नाहीत. एकदा लग्नात माहं नाव काढून घेतलं ना, पुन्हा कसं घेतीन? पण मंग मले काऊन नाही बोलत? ताट माह्यासमोर होतं, तिच्यासमोर नाही. तोंडात काय बसलं यायच्या, घरी मले एकदा, एकदाच गोकर्णा म्हणायले?

मीही नेली तिले त्या घाटापर्यंत. कालच. म्हणलं टाकते उतरवून, बला जाईन. बटनावर बोट ठेवलं अन् ते मले पाहून राह्यली... नाही झालं माह्यानं. माहीही नाव वळलीच.

म्हणून तुम्हाले बोलावलं. माह्यासमोर नवीन खेळ मांडा, पुसून टाका तिले, मंग घेऊन जा. — काय? पुसायच्या आधी? शेवट पाहायचा आहे तुम्हाले? म्हणजे तुम्ही तिले घाटावर उतरवसान? तिचं नाव तुम्ही घेसान? इथं, माह्या सोफ्यावर बसून? तुम्ही कोण हो तिचे! द्या इकडे. द्या म्हणते ना! नाही विकायचं. भाडं लागलं असन त देते, पण हात काढा. रडूही नका तुम्ही तिच्यासाठी, तुमचं काय आहे तिच्यात? लागले डोळे भरून आणायले. घरातले दोघं पुरे आहेत तेवढ्यासाठी.

थांबा. गाडी वाजली. आज लवकरच आले, लेकाचं. उठा, चपला घाला, जा आता. — ऐकलं? ‘प्रतीक्षा वं, कोण आलं?’ मारू द्या हाका. मी ओ देत नाही. तुम्ही जाताजाता फाटकात सांगजा त्यायले, प्रतीक्षा घरी नाही म्हणा. मंग घरात कोण आहे, असं इचारलं, त काही बोलू नका. त्यायले माहीत आहे नाव.