ब्रह्मकपालहून आलेला फोन

वडिलांसाठी बद्रीनाथची टूर बुक करतोयस? जरूर कर, पण आधी माझं ऐक.

आई गेली तेव्हा माझा पासपोर्ट व्हिसा एक्स्टेन्शनला गेलेला. तिचं सगळं कार्य मी इथे इंग्लंडात, मेडनहेडमध्ये बसून फोनवर ऐकलं. पुढच्या वर्षी, मनाला लागलेलं म्हणून, बाबांना बद्रीनाथला पाठवलं. डीलक्स टूर, गरम पाण्यासकट.

मी मीटिंगमध्ये असताना त्यांचा फोन आला. बाहेर येऊन विचारलं, "दर्शन झालं? फोटो काढलेत ना?"

"झालं. इथे ब्रह्मकपालला स्वतःचं पिंडदान जिवंतपणीच करता येतं. तुझ्या आईचं केलं, त्याच बैठकीत माझंही उरकलं."

"अहो बाबा, मी आहे ना!"

"आहेस ना. म्हणूनच म्हटलं, तुझी धावपळ नको."

दोन वर्षांनी बाबा गेले. या वेळी पासपोर्ट ड्रॉवरमध्येच होता, त्यामुळे अंत्यविधीला पोचलो. वर्षश्राद्धालाही मुद्दाम दोन आठवड्यांची रजा टाकून गेलो. गुरुजींनी दारातच विचारलं, "कशाला आलात एवढ्या लांबून? ब्रह्मकपालला पिंडदान झाल्यावर पुन्हा श्राद्ध करत नाहीत. वडिलांनी तुम्हाला सांगितलं नव्हतं?"

सांगितलं होतं रे. मी फोटोंचं विचारत होतो.