सोळाव्या सोमवारचे दोन शब्द

...अन् वरून लोक मलाच विचारतात, "महानंदाबाई, तुम्ही बोलत का न्हाई?" मला! जिच्या बोलण्याला भिऊन भाजीवाली आमचं दार चुकवून पलीकडच्या गल्लीतून जाती, त्या मला! हासा बायांनो, हासा. टँकर काय इतक्यात येत न्हाई. ठेवा घागरी खाली अन् ऐका. काल सोमवार होता, आज मंगळवार हाय, आज माझं तोंड मोकळं हाय अन् पोटात सोळा सोमवारांचं साठून राहिलंय. कुणाला तरी ऐकावंच लागंल.

आता सोळा सोमवार तुम्ही सगळ्यांनी केलेत. पण मी धरले ते मौनाचे! सकाळी डोळा उघडल्यापासून सांजच्याला देवापुढं दिवा लागेस्तवर तोंडातून शब्द काढायचा न्हाई. अन् कशासाठी धरलंय तेही कुणाला सांगायचं न्हाई, सांगितलं की फळ गेलं. उपासाचं मला काय वाटत न्हाई हो, दोन दिवस पाण्यावर राहीन... आता पाणी तरी कुठं हाय म्हणा... पण बोलल्याशिवाय? पहिल्या सोमवारी दुपारी मला वाटलं, जीव कानातून बाहेर पडतो की काय!

घरात सगळ्यात खूश कोण असंल? आमचे हे! गोलाईच्या बाजारात भुसाराचं दुकान हाय यांचं, एरवी जेवायला बोलावलं तर निरोपावर निरोप धाडावे लागतात. सोमवारी बाराच्या ठोक्याला पाटावर हजर! डोळे मिटून घास चावायचा अन् म्हणायचं, "व्वा! काय शांत वाटून राहिलंय. महादेवाची कृपा." आणि मी? मी गप.

बरं, एक सांगते, मौनाचा फायदा बी हाय. सोमवारी इथं या रांगेत मी कधी मागं राहिले का? न्हाई! बोलायचंच न्हाई तर करायचं काय, घागर पुढं सरकवायची. पहिली घागर माझी भरायची. सरका, सरका पुढं. ऐकत ऐकत सरका.

तर कशासाठी धरले सोळा सोमवार? आता संपले, आता सांगायला हरकत न्हाई.

रुद्राणी, आमची लेक, नववीला, मिशनच्या सिस्टर लोकांच्या शाळेत. दहावीच्या पोरी बोर्डाच्या अभ्यासात, म्हणून तिथं हेडगर्ल नववीतली निवडतात. निवडतात म्हणजे काय, मतदान! चिठ्ठ्या, पेटी, सगळं आमदाराच्या वरताण. ही तुळजाबाई उभी हाय ना पुढं, आमची शेजारीण, हिची सिंधु एकीकडं अन् आमची रुद्राणी एकीकडं. सिंधु म्हणली, मी निवडून आले तर शनिवारी रंगीत कपडे. आमचीनं काय म्हणावं? "मी निवडून आले तर नळावर शिस्त. एकीला एक पेला." मी म्हणलं, अगं असं सांगून मतं मिळत असतात का? मिळाली की! घरोघरी रांजण कोरडे, पोरींना कळत न्हाई का? लागला बिल्ला छातीवर. निळा, कडेला सोनेरी, "हेडगर्ल" लिहिलेला. काय गं तुळजाबाई, खोटं हाय का? बघा, मान खाली घातली. जाऊ दे, सिंधु बी गुणाची हाय, पण तो विषय न्हाई.

विषय कुलपाचा. रविवारी शाळा बंद असली की गल्लीतली पोरं आत शिरून नळ सोडून द्यायची, टाकी रिकामी व्हायची. म्हणून शनिवारी शाळा सुटताना माझ्या लेकीनं टाकीच्या नळाला कुलूप लावलं. लई शहाणपणाचं काम केलं! अन् किल्ली टाकली कंपासपेटीत, कंपासपेटी दप्तरात, दप्तर पाठीला, अन् बसली बापाबरोबर उदगीरच्या एस्टीत, आत्याच्या घरी बारशाला!

अन् सोमवारी सकाळी तपासणी आली! तुम्हाला सांगते, आपला लातूर जिल्हा नवा, ऑफिस नवं, शिक्षणाधिकारी साहेब नवे, त्यांच्या फायलीला अजून धूळ सुद्धा बसलेली न्हाई. नव्या जिल्ह्यातली त्यांची पहिलीच तपासणी. साहेब धुळीतून आले, खुर्चीत टेकले अन् म्हणाले, "जरा पाणी."

पाणी! टाकीत पाणी हाय, नळाला कुलूप हाय, अन् किल्ली उदगीरला हाय! सिस्टर लोक तिथंच राहतात हो, त्या बिचाऱ्या दोन दिवस शेजारून तांब्या-तांब्या मागून आणत होत्या, तोही सरलेला. साहेबांना दिलं काय मग? पेरू. ताटलीत पेरू अन् मीठ! साहेबांनी पेरू खात खात शाळा तपासली.

दुपारी आमची पोर नाचत शाळेत पोचली. मोठ्या सिस्टर रोझलिन केरळच्या. मराठी बोलतात, पण त्या मराठीला खोबरेल तेलाचा वास येतो. रागावल्या न्हाईत. सगळ्या पोरींसमोर म्हणल्या, "रुद्राणी, तू चांगला मुलगी. पण किल्ली घेऊन जातो तो लीडर नाही. किल्ली देऊन जातो तो लीडर." अन् बिल्ला काढून घेतला.

घरी आली तेव्हा युनिफॉर्मवर पिनेची दोन भोकं होती फक्त. रडली न्हाई, जेवली न्हाई. त्या भोकांवर दप्तराचा पट्टा ओढून बसली. बायांनो, मला ते बघवलं न्हाई. तशीच उठले, सिद्धेश्वराला गेले अन् म्हणलं, देवा, लेकीनं नळाला कुलूप लावलं, मी तोंडाला लावते. सोळा सोमवार. तिचा बिल्ला तिला परत दे. येताना शाळेच्या कुंपणाबाहेर उभं राहून मेरीमातेलाही सांगून ठेवलं. म्हणलं, तूही आई, मीही आई, जरा लक्ष असू दे.

पण घोटाळा काय झाला ऐका. बिल्ला गेला सोमवारी, अन् पुढच्या सोमवारपासून आईचं तोंड बंद! पोरीनं काय समजावं? तिनं मनाशी ठरवून टाकलं, आईला माझी लाज वाटती, म्हणून महादेवाच्या आडून माझ्याशी अबोला धरलाय. मंगळवारी मी घसा कोरडा करून सांगायचे, "अगं माय, राग न्हाई गं माझा!" ती विचारायची, "मग व्रत कशाचं हाय, तेवढं सांग." आता कसं सांगू? सांगितलं की फळ गेलं! सगळ्या गल्लीला पुरून उरणारी मी, अन् लेक एवढं एकच विचारती... आणि मी? मी गप.

सरका ना पुढं! कोण ढकलून राहिलं?

मग आला कालचा दिवस. सोळावा सोमवार. अन् कालच शाळेचा वार्षिक समारंभ! सिस्टर लोकांचे ते चाळीस दिवसांचे उपास चालू, म्हणून नाच न्हाई, नाटक न्हाई, नुसती बक्षिसं अन् भाषणं. पाहुणे कोण? तेच! पेरूवाले साहेब! खुर्चीत बसल्या बसल्या हळूच विचारतात, "सिस्टर, आज पाणी मिळंल का?" सगळा मंडप हासला, अन् आमची रुद्राणी शेवटच्या रांगेत भिंतीला चिकटून बसलेली, तिनं मान गुडघ्यात घातली.

बक्षिसं सुरू झाली. पूर्वी जिल्ह्याच्या स्पर्धेला उस्मानाबादची वाट धरायची, अन् हात हालवत परत यायचं. आता जिल्हा आपला! पोरांनी नुसती लूट केली हो. वक्तृत्वात जिल्ह्यात पहिली. चित्रकलेत जिल्ह्यात पहिली. सिंधु तुळजाबाईची, धावण्यात जिल्ह्यात तिसरी. धावल्या किती? तिघी! आता असू दे, धावली तर खरी. तुळजाबाईनं इतक्या टाळ्या पिटल्या की बांगडी फुटली. मी बी पिटल्या. मौनात टाळ्या चालतात, मी मठातल्या स्वामींना विचारून घेतलेलं हाय.

अन् मग सिस्टर रोझलिन उठल्या. हातात काय? निळं! कडेला सोनेरी! म्हणल्या, "हा बिल्ला मी काढला. पण काम? काम तिने नाही सोडला. रोज सकाळी बिल्ला नाही, तरी नळापाशी उभा. एक मुलगी, एक पेला. किल्ली कुठे? भिंतीला, खिळ्याला, सगळ्यांसमोर. दुसऱ्या शाळा दुपारी सुटतात, पाणी नाही. आमची शाळा चालू. रुद्राणी, ये. आणि बिल्ला आई लावणार."

आई म्हणजे मी! मला वर बोलावलं हो! पदर सावरत गेले. पिन काही केल्या शिरंना. कशीबशी लावली. देवा, पावलास! टाळ्या पडल्या. आता खाली उतरायचं तर सिस्टर माईक पुढं करतात. "अम्मा, दोन शब्द बोला."

दोन शब्द! एरवी मी दोनशे बोलले असते, साहेबांना सुद्धा बसवलं असतं! मी मान हालवली, अशी... न्हाई न्हाई म्हणून. पण सिस्टरच्या गावाकडं, काय की बाई, अशी मान हालवली की "हो" समजतात! त्या खूश! माईक माझ्या तोंडाला टेकवला अन् पोरींना म्हणल्या, "शांत बसा, अम्मा बोलतो."

सगळा मंडप माझ्याकडं बघतोय. करू काय? हात जोडले. मान खाली घातली. डोळे मिटले. म्हणलं, महादेवा, तूच बघ आता. तर काय सांगू तुम्हाला, साहेब खाडकन उठून उभे राहिले! त्यांना वाटलं, बाई हात जोडून, मान खाली घालून, माईकसमोर गप उभी हाय म्हणजे श्रद्धांजली! दोन मिनिटं शांतता! साहेब उभे राहिले म्हणल्यावर मास्तर उठले, मास्तर उठले म्हणल्यावर पोरं, पालक, बँडवाले, सगळा मंडप उभा! ही तुळजाबाई डोळ्याला पदर लावून शेजारणीला विचारती, "कोण गेलं गं? बरं होतं की काल!" अन् आमचे हे? यांना पक्कं मालूम हाय बायकोचं मौन हाय, तरी टोपी काढून उभे! घरी आल्यावर म्हणतात, "एवढे सगळे उभे राहिले, म्हणलं असंल कुणी गेलेलं." आणि मी? मी गप!

त्या शांततेत रुद्राणी माझ्या कानाशी आली. हळूच म्हणली, "आई, आला की गं बिल्ला. अजून रागच हाय का? आता तरी बोल माझ्याशी."

बायांनो... जिभेच्या टोकावर आला होता शब्द. पंधरा सोमवार गेले असते तर गेले असते. पण म्हणलं, हिच्याचसाठी धरलंय, हिच्यासमोर कसं मोडू? मग मी एक हात गळ्यातल्या महादेवाच्या लिंगावर ठेवला, अन् दुसरा तिच्या बिल्ल्यावर. परत लिंगावर, परत बिल्ल्यावर. तिनं बघितलं. डोळे मोठे झाले. "यासाठी? सोळाच्या सोळा?" मी मान हालवली. आपल्या गावची, वर-खाली.

अन् ती हासायला लागली, रडायला लागली, दोन्ही एकदम! माईक ओढला अन् म्हणली, "बसा सगळे! कुणी गेलं न्हाई! माझ्या आईचं मौन हाय! माझ्या बिल्ल्यासाठी हाय!" जो हशा उसळला, साहेब तर पोट धरून खुर्चीत बसले. अन् सिस्टर रोझलिन? त्या हासल्या न्हाईत. जवळ आल्या, माझे दोन्ही हात धरले अन् म्हणल्या, "अम्मा, आमच्याकडं पण मौन असतो, वर्षाला आठ दिवस. उपास सोपा. हा फार कठीण. मला पण बोलायला फार आवडतो." अन् मग दोघी अशा हासलो की बस.

सांजच्याला दिवा लावला. रुद्राणी पाटावर बसून राहिलेली, आईचा पहिला शब्द कोणता येतो म्हणून. अन् मी काय बोलले? "बिल्ला वाकडा लागलाय गं, इकडं ये." सोळा सोमवारांनंतर हे! पोर अशी बिलगली की बिल्ला माझ्या गालाला टोचला. मग आम्ही दोघी जे बोलत सुटलो, आमचे हे उठून दुकानात गेले. बंद दुकानात!

पण गोष्ट इथं संपली असती तर मी तक्रार कशाला केली असती? मंडपातून निघताना सिस्टरनी विचारलं होतं, "अम्मा, पालक समितीचा अध्यक्ष होणार?" मी घाबरून मान हालवली, न्हाई न्हाई न्हाई... झालं! टाळ्या! अध्यक्ष झाले मी! सिस्टर त्या साहेबांना सांगतात, "इतका शांत बाई मी लातूरमध्ये नाही बघितला." अन् समितीची बैठक कधी? दर सोमवारी! आता त्या बैठकीत मी तोंड उघडलं तर सिस्टरच्या मनातली माझी इज्जत काय राहील? यांना विचारलं, काय करू हो? हे म्हणाले, "करायचं काय त्यात? परत सोळा धर." लग्नाला इतकी वर्षं झाली, पहिल्यांदा यांचं मला पटलं बघा!

...अगं, तुम्ही सगळ्या घागरी डोक्यावर घेऊन कुठं निघालात? टँकर? कधी आला? अन् गेला बी? तुळजाबाई, तुझी भरली? सगळ्यांच्या भरल्या? मग मला कुणी सांगितलं का न्हाई गं... हं. मी बोलू दिलं असतं तर सांगितलं असतं.

राहू द्या. येत्या सोमवारी भरीन.