द्वारकाकाकूंचा चांगला भाडेकरू

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा आणि मला एक सांगा. पाहुणा दारात आला की ठेवणीतली चादर निघते. का? पाहुणा मोठा म्हणून? मग जो रोज त्याच घरात निजतो, तो कोण? लहान? का हो, गप्प का झालात? आत्ता गजर करताना तर छप्पर उडत होतं!

बरं, नका सांगू. आजऱ्याच्या द्वारकाकाकूंची गोष्ट ऐका, तीच सांगेल.

काकूंचं दुमजली घर. खाली काकू, मुलगा श्रीरंग, सून रेवती आणि पाळण्यातली नात, शर्वू. वरचा मजला भाड्याचा. आणि तिथं एकेक नग येऊन गेले, काय सांगू! एकानं इतके खिळे ठोकले, की भिंतीला वाटावं आपल्याला देवीच आल्या! दुसऱ्यानं जाताना बल्बसुद्धा काढून नेले. काकू अंधारात उभ्या. "अहो, बल्ब?" तर म्हणतो, "काकू, उजेड माझा होता!"

तेव्हा काकूंनी पदर खोचला. "चांगलं माणूस हवं, तर आधी जागा चांगली हवी!" खोटं आहे का? अगदी खरं! गच्चीला वॉटरप्रूफिंग, भिंतींना दुधासारखा रंग, न्हाणीत गिझर, खिडक्यांना डासांची जाळी. स्वतः उन्हात उभं राहून करून घेतलं सगळं.

श्रीरंग म्हणाला, "आई, गवंडी आलाच आहे, तर खालची भिंतही करू या? शर्वूच्या पाळण्यामागं ओल धरलीय."

"वरचं आधी होऊ दे रे. आपण काय, घरचीच माणसं! आपल्याला कोण बघायला येतंय?"

आता काकू काय दुष्ट होत्या? छे हो! नातीवर जीव होता त्यांचा! शर्वू खोकली की या हातातलं काम टाकून धावायच्या. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून तिची छाती शेकायच्या. मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढायच्या. दात येतायत म्हणायच्या, वारं लागलं म्हणायच्या. शेजारणीच्या नजरेवरसुद्धा आळ घेऊन झाला, पण त्या भिंतीवर? नाही!

दिवा लाविला गे वेशीच्या कमानी,
घरचा कोनाडा विसरली राणी!

एका रविवारी जागा बघायला माणसं आली. बँकेतले सबनीस आणि त्यांची बायको. तिला सातवा लागलेला. काकूंना तर आभाळ ठेंगणं! हात धरून वर नेलं. "सावकाश हं. कठडा धरा, नवा आहे."

सबनीसबाईंनी भिंतीकडे बघत हळूच विचारलं, "काकू, ओल नाही ना हो?"

"ओल? हात लावून बघा! लहान लेकराच्या घरात ओल म्हणजे विष हो! उद्या तुमच्याकडे पाळणा हलणार. लेकरानं खोकला धरला, तर मी कुणाला तोंड दाखवू?"

काय बोलल्या! मंडळी, काय बोलल्या! स्वतःच्या तोंडानं बोलल्या आणि स्वतःच्या कानांना ऐकू आलं नाही!

"आणि काहीही लागलं तर हक्कानं सांगायचं. संकोच करायचा नाही."

तेवढ्यात दारात श्रीरंग, हातात चहाचा ट्रे. मागे रेवती, कडेवर शर्वू. रेवती म्हणाली, "आई, एक विचारू? ही जागा... आम्हाला द्याल का भाड्यानं?"

काकू हसल्या! "पाहुण्यांसमोर काय गं ही थट्टा!"

रेवती हसली नाही. श्रीरंगही नाही. त्यानं मान खाली घातली.

"थट्टा नाही, आई," रेवती म्हणाली. "शर्वूला त्या खोलीतून हलवा, असं डॉक्टर म्हणालेत. बाजारपेठेमागं दोन खोल्या बघून ठेवल्यात आम्ही. एक तारखेला जायचं ठरलंय. तुम्हाला सांगायला जीभ उचलत नव्हती. पण आत्ता तुमचं बोलणं ऐकलं... म्हटलं, एवढी माया भाडेकरूला मिळते, तर भाडेकरूच होऊन बघू. भाडं वेळेवर देऊ, आई. खिळे नाही ठोकणार."

धरणी दुभंगली हो काकूंच्या पायाखाली! घर सोडून जाणार? पोटचा पोर, सून, ती चिमणी... आणि आपल्याला पत्ता नाही? इतक्यात शर्वू खोकली. तो खोकला! रोजचाच. पण आज काकूंनी पहिल्यांदा ऐकला.

काकू तडक खाली गेल्या. पाळणा बाजूला सारला. रोज झोके दिलेला पाळणा, कधी मागं डोकावून पाहिलं होतं का? भिंतीवर तळवा टेकवला. उचलला, तर ओलाचिंब! त्या तळव्याकडं बघतच राहिल्या.

मग वळल्या. जिना चढताना कठडासुद्धा धरला नाही. सबनीसांपुढे हात जोडले, "माफ करा हो. जागा दिली गेली."

सबनीसबाईंचे डोळे भरलेले. स्वतःच्या पोटावर हात ठेवून त्या एवढंच म्हणाल्या, "बरं केलंत, काकू."

त्याच दुपारी काकूंनी पाळण्याचं एक टोक धरलं, श्रीरंगनं दुसरं. पाळणा वर गेला! रेवती म्हणाली, "आई, राहू द्या, मी धरते." तर काकू म्हणतात, "मी मालकीण आहे ना? मग सामान मीच लावून देणार!" आणि बोलता बोलता रडायला लागल्या. खाली त्या भिंतीपाशी काकूंनी स्वतःचं अंथरूण घातलं. गवंडी येऊन भिंत खरवडेपर्यंत तिथंच निजल्या. कुणाचं ऐकलं नाही!

काय म्हणता काका? भाडं घेतलं का? अहो, पोरीचा खोकला थांबला का, ते नाही विचारलंत! थांबला हो, थांबला. हळूहळू थांबला.

आता माझं एक ऐका. काकूंना नावं ठेवत घरी जाऊ नका. आज प्रसाद घेऊन गेलात, की स्वयंपाकघरात, माजघरात जे कुणी असेल, त्याच्यापाशी बसा. विचारा, "तुला काही हवंय का गं?" ती म्हणेल, "काही नको." पहिल्यांदा तसंच म्हणणार, सवयच आहे!

उठू नका. तिथंच बसून राहा.